रुक्मिणीच्या माहेरी दगडू-प्राजक्ता

अकोला सुटलं की शेंगदाणे-फुटाणेवाला पॅसेंजरच्या डब्यात शिरतो. गळ्यात टोपली, टोपलीत कागदाच्या पुड्या, वर चिरलेला कांदा आणि अर्धं लिंबू. तो शेंगदाणे म्हणत नाही आणि फुटाणेही म्हणत नाही. "टाइमपास, टाइमपास!" एवढंच ओरडत तो मूर्तिजापूरकडे सरकत जातो. बडनेऱ्याला उतरून अमरावतीच्या कॉलेजांत जाणाऱ्या पोरापोरींना हा शब्द असाच ठाऊक आहे. तो तळहातावर चोळायचा, साल फुंकायची आणि तोंडात टाकायचा.

३ जानेवारी २०१४ रोजी रवी जाधव यांनी हाच शब्द कोवळ्या वयातल्या प्रेमाला लावला आणि मराठी चित्रपटाच्या धंद्याचे आडाखे मोडून काढले. 'टाइमपास'नंतर १ मे २०१५ रोजी 'टाइमपास २' आला आणि मध्ये सात वर्षं जाऊन २९ जुलै २०२२ रोजी 'टाइमपास ३'. किशोरवयीन प्रेमाची तीन भागांची, तुडुंब गर्दी खेचणारी मालिका मराठी पडद्याला मिळाली ती ही. या मालिकेवर जेवढं प्रेम झालं, तेवढीच तिची थट्टाही झाली. थट्टा करणारे आणि प्रेम करणारे वेगवेगळे नव्हतेच. आजच्या व्याख्यानाचा विषय तेवढाच आहे: वऱ्हाडात ही थट्टा कशी होते, कुठून आली आणि कुठे थांबते.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मोबाइल हातात येण्याआधीचा काळ. दहावीत गचकलेला, घरोघरी पेपर टाकणारा दगडू परब आणि शिस्तीच्या, सोवळ्यातल्या घरात वाढलेली, गाणं शिकणारी प्राजक्ता लेले. दगडूचे वडील रिक्षा चालवतात, प्राजक्ताचे वडील शब्दाशब्दातून माणसाची पायरी दाखवतात. दगडूचे मित्र तीन, त्यांची नावं बालभारती, मलेरिया आणि कोंबडा. लेल्यांना दगडूने ठेवलेलं नाव शाकाल, म्हणजे १९८० सालच्या 'शान'मधला टकला खलनायक. प्रथमेश परबचा दगडू, केतकी माटेगावकरची प्राजक्ता, वैभव मांगले यांचे लेले आणि दगडूच्या वडिलांच्या भूमिकेत भाऊ कदम. अपमानाचा राग आणि मित्रांची फूस यांतून टाइमपास म्हणून सुरू झालेलं प्रकरण दोघांच्या हाताबाहेर जातं आणि पहिला भाग संपतो तेव्हा दोघं दोन वाटांना लागलेली असतात.

दुसऱ्या भागात पंधराएक वर्षं लोटलेली आहेत. मोठा दगडू झाले प्रियदर्शन जाधव, मोठी प्राजक्ता प्रिया बापट. पहिल्या भागाच्या लेखनात ज्यांचा हात होता, तेच प्रियदर्शन जाधव पुढच्या भागात नायक होऊन उभे राहिले. स्वतः लिहिलेलं पात्र पुढे अंगावर घालायला मिळावं, असं भाग्य लेखकाला क्वचितच लाभतं. तिसऱ्या भागात मात्र गोष्ट मागे वळली. पुन्हा प्रथमेशच दगडू, आता कॉलेजात, आणि समोर हृता दुर्गुळेची पालवी. म्हणजे २०२२ साली आलेली गोष्ट २०१५ सालच्या गोष्टीच्या आधी घडते. प्रेक्षक तिकीट काढून बसतो तेव्हाच त्याला ठाऊक असतं, की पालवीचं काही खरं नाही, पुढे हा गडी प्राजक्तालाच शोधत निघणार आहे. लग्न लागून, पंगती उठून, मांडव सोडल्यावर कुणी हळदीचं आवतण घेऊन यावं, तसा हा तिसरा भाग. यावर अमरावतीच्या पंचवटी चौकात चहाच्या टपरीपाशी जेवढी चर्चा झाली असेल, तेवढी समीक्षकांच्या लेखांत झाली नाही. तरीही हळदीला सगळे गेलेच.

वऱ्हाडातून ही मालिका पाहणं म्हणजे काय, हे जरा थांबून समजून घ्यावं लागेल. चित्रपटाच्या धंद्यात या मुलखाचं नाव अजून 'सी. पी. बेरार' असंच आहे. मध्य प्रांत जाऊन कित्येक दशकं लोटली, विदर्भाचे जिल्हे १९५६ साली मुंबई राज्यात आले, १९६० साली महाराष्ट्र झाला; पण वितरकांच्या वह्यांत बेरार सर्किट टिकून राहिलं. हा मुलूख पडद्यावर मुख्यतः हिंदी पाहत मोठा झाला. इथल्या कानाला मुंबईची चाळ जेवढी परकी, तेवढाच पुण्या-ठाण्याकडचा वाडाही परका. दगडूची मुंबईकर टपोरी बोली आणि लेल्यांची तुपात घोळलेली प्रमाण भाषा या दोन टोकांतला तणाव चित्रपटाचा प्राण आहे. अकोल्याच्या प्रेक्षकाला मात्र दोन्ही टोकं 'तिकडची' वाटतात. म्हणून तो तिसरी भाषा आणतो, स्वतःची, आणि तिच्यातून अख्खा चित्रपट पुन्हा सांगतो. थट्टा इथून सुरू होते.

एखादा पोट्टा मित्रांना पाहिलेला सिनेमा सांगतो तेव्हा काय होतं? "अबे, थो लेले म्हनते का, माह्या घराच्या पायरीवर पाय नोको ठेवू. अन् हा दगडू पायरी सोडून खिडकीकडंच पाहून रायला ना! थे पोट्टी वरतून पाहून रायली, डोयात पानी. मी म्हनलं, घे बाप्पा, आता गानं लागते." आणि गाणं लागतंच. ऐकणाऱ्यांतला एक जण म्हणतो, "काहून नाही लागन? गान्यासाठीच त रडली थे."

या चार ओळींत वऱ्हाडी बोलीने केलेली कामगिरी पाहण्यासारखी आहे. 'ळ'चा 'य' झाला आणि डोळे 'डोये' झाले. काळे डोळे 'काये डोये' झाले, की कवितेतला सगळा काजळी भारदस्तपणा गळून पडतो आणि समोर शेजारच्या आळीतली मुलगी उभी राहते. 'जातो' आणि 'जाते' यांतला फरक इथे उरत नाही. पोट्टा जाते, पोट्टी जाते. थो मरते, थे मरते. प्रमाण मराठीतला प्रियकर 'तो झुरतो' असं पुरुषी रुबाबात झुरतो, वऱ्हाडी प्रियकर मात्र बिचारा 'झुरते'. व्याकरणानेच त्याला मुलीच्या रांगेत आणून बसवलेलं असतं. आणि निरोपाच्या प्रसंगी या बोलीजवळ जे आहे, ते प्रमाण भाषेजवळ नाही: येजो, जाजो, सांगजो, वाट पाहजो. पुढच्या काळावर सोपवलेली ही आज्ञा आहे. तीत हुकूम कमी आणि भरवसा जास्त. दगडू-प्राजक्ताच्या ताटातुटीची टर उडवायला बसलेला मुलगा "पत्र लिहिजो बरं" असं म्हणून जातो, आणि पुढचं वाक्य टर उडवण्याच्या सुरात येतच नाही. बोलीच त्याला आवरते.

थट्टेचे विषयही इथल्या मातीतून येतात. पडद्यावरच्या प्रेमाला धुकं लागतं. वऱ्हाडात धुकं पाहायचं तर परतवाड्यावरून घाट चढून पावसाळ्यात चिखलदऱ्याला जावं लागतं. बाकीचं वर्ष ऊन. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर चढतो, दुपारी बाराला रस्ते ओस पडतात, पोरी डोक्यापासून हनुवटीपर्यंत ओढणी अशी घट्ट बांधतात, की सख्ख्या भावालाही गाडीच्या नंबरवरून बहीण ओळखावी लागते. अशा गावात नजरानजर व्हायची कशी? 'टाइमपास २' तर ऐन महाराष्ट्र दिनी, भर वैशाखात लागला. थंडगार अंधारात अडीच तास बसायला मिळतं, हे प्रेमकथेइतकंच मोठं आकर्षण होतं, असं इथली पोरं मोकळेपणाने सांगतात. आणि बाहेर पडल्यावर गिला वडा खात त्याच प्रेमकथेची चिरफाड करतात. दह्यात बुडवलेला वडा चमच्याने फोडता फोडता एक जण लेले होतो, एक जण मलेरिया होतो. संवाद पुसता येत नाहीत इतके पाठ असतात. दगडूची साईबाबांची शपथ तर शाळेच्या मैदानापासून बाजार समितीपर्यंत पोचली. पाठ नसलेल्या गोष्टीची नक्कल करता येत नाही, हे साधं सत्य या टपरीवर दिसतं. चित्रपट एकदा पाहून तोंड वाकडं करणाऱ्याची टीका दोन वाक्यांत संपते. तीनदा पाहिलेला पोरगा तासभर थट्टा करू शकतो, कारण त्याच्याजवळ भांडवल असतं.

ही रीत चित्रपटाने शिकवलेली नाही. वऱ्हाड हे रुक्मिणीचं माहेर आहे. वर्धा नदीच्या काठी, अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातलं कौंडण्यपूर म्हणजे विदर्भराज भीष्मकाची राजधानी, असं परंपरा मानते. आषाढीला रुक्मिणीची पालखी तिथूनच पंढरपूरला जाते. भागवताच्या दशम स्कंधातली ती कथा किशोरवयीन प्रेमकथेच्या सगळ्या कसोट्या पार करते. मुलीने मुलाला पाहिलेलं नाही, फक्त ऐकलेलं आहे. भावाने लग्न दुसरीकडे, शिशुपालाशी, ठरवलं. मुलगी एका ब्राह्मणाच्या हाती पत्र धाडते. ते पत्र सात श्लोकांचं आहे, आणि त्यात नुसतं प्रेम नाही, पळून जायची तपशीलवार योजना आहे: लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवतेच्या दर्शनाला नवरीला गावाबाहेर नेतात, तेव्हा ये आणि घेऊन जा; म्हणजे राजवाड्यात शिरावं लागणार नाही आणि माझे आप्त मारले जाणार नाहीत. दगडूला तिसऱ्या भागापर्यंत जे सुचलं नाही, ते या मुलीला पहिल्याच पत्रात सुचलं होतं.

कुलदेवतेचं ते देऊळ म्हणजे आपल्याच गावची अंबादेवी, असं अमरावती सांगते. कौंडण्यपूरलाही अंबिकेचं देऊळ आहे. या गोड वादाचा निकाल लावायची कुणाला घाई नाही, कारण दोन्ही गावांना श्रीकृष्ण जावईच लागतो. आणि जावई म्हटला की वऱ्हाडात त्याची थट्टा करण्याचा हक्क सासुरवाडीला आपोआप मिळतो.

या एका प्रेमकथेचे मराठीत किती भाग निघाले! तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, अमरावती जिल्ह्यातल्याच रिद्धपूरला, महदंबेने धवळे रचले. धवळे म्हणजे लग्नात गायची गाणी, विषय रुक्मिणीहरण. मराठीतल्या पहिल्या कवयित्रीची ही रचना कुठल्या निमित्ताने झाली, ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. महानुभावांचे गोविंदप्रभू, लोक ज्यांना वेडे समजत, त्यांच्या मनात एकदा स्वतःच्या लग्नाची लहर आली. भक्तांनी ती लहर मोडली नाही. त्या लटक्या लग्नात महदंबेने गाणी म्हटली. खेळातलं लग्न, गाणी मात्र खरी, आणि सातशेहून अधिक वर्षं टिकलेली. मागोमाग १२९२ च्या सुमारास नरेंद्राचं 'रुक्मिणी स्वयंवर' आलं. ते रामदेवराय यादवाच्या नावावर करावं म्हणून ओवीमागे सोन्याचं नाणं देऊ केलं गेलं आणि कवीने ते नाकारलं, अशी आख्यायिका आहे. १५७१ साली एकनाथांनी काशीत आपलं 'रुक्मिणी स्वयंवर' पुरं केलं. लग्न जुळावं म्हणून मुली आजही त्याचं पारायण करतात. कथा सगळ्यांना पाठ, शेवट सगळ्यांना माहीत, तरी नवा भाग आला की ऐकायला गर्दी. 'टाइमपास ३' ला हसणाऱ्यांनी हा इतिहास ध्यानात घ्यावा. महदंबेच्या रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे. तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याने धवळ्यांपासून 'टाइमपास'पर्यंतची ही वाट शोधून काढली, तर महदंबेला ते आवडेल.

भागवतात या प्रेमकथेचा उत्तरार्धही आहे, आणि तो फार कमी सांगितला जातो. लग्न होऊन द्वारकेत नांदणारी रुक्मिणी श्रीकृष्णाला पंख्याने वारा घालते आहे. तो तिची थट्टा सुरू करतो. म्हणतो, एवढे देखणे, श्रीमंत राजे तुला मागणी घालत होते आणि तू मला निवडलंस. शत्रूच्या भीतीने समुद्रात येऊन राहिलेला, जवळ काही नसलेला मी. चुकलंच तुझं. अजूनही वेळ गेलेली नाही, एखादा तोलामोलाचा क्षत्रिय बघ. रुक्मिणीला ती थट्टा आहे हे कळत नाही. तिच्या हातातली कांकणं सैल होतात, पंखा खाली पडतो आणि तीही कोसळते. तो धावतो, तिला उचलतो, केस सारखे करतो, डोळे पुसतो, आणि समजूत घालताना जे म्हणतो त्याचा आशय असा: संसारी माणसाचा सगळ्यांत मोठा लाभ म्हणजे आवडत्या माणसाशी थट्टामस्करी करत प्रहर घालवणे.

प्रहर घालवणे. शेंगदाणेवाल्याचा शब्द भागवतात संस्कृतातून असा येऊन बसलेला आहे. दगडूच्या पोरकट टाइमपासला यापेक्षा थोर वंशावळ कुठे मिळणार!

प्रेमकथा लिहिणारा आणि प्रेमकथेची थट्टा करणारा माणूस एकच असावा, हेही वऱ्हाडाने आधुनिक मराठीला दाखवलं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर १८९७ साली वकील झाले आणि अकोला, खामगाव, जळगाव-जामोद या गावांत वकिली करत राहिले. नाटककार कोल्हटकर अद्भुतरम्य प्रेमकथांचे बादशहा होते. १८९६ सालचं 'वीरतनय', मग 'मूकनायक', 'गुप्तमंजूष', पुढे 'प्रेमशोधन', 'वधूपरीक्षा'. वेषांतरं, गुपितं, गैरसमज आणि पारशी रंगभूमीवरच्या उडत्या चाली. 'मूकनायक'मधला नायक मुका असल्याचं सोंग घेतो. नायिकेच्या सहवासासाठी बोलणं सोडणारा हा नायक आणि प्राजक्तासाठी गाण्याच्या वाटेला जाणारा दगडू यांच्यात शंभर वर्षांपेक्षा जास्त अंतर आहे, पण दोघांची जात एकच. त्याच कोल्हटकरांनी १९०२ साली 'साक्षीदार' हा विनोदी लेख लिहून मराठीत नवं दालन उघडलं. 'सुदाम्याचे पोहे'मधला सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या हे त्रिकूट रूढींवर, ज्योतिषावर, सणवारांवर आणि माणसाच्या भाबडेपणावर हसतं. पण हसणारी तिघं त्याच भाबडेपणात गळ्यापर्यंत बुडालेली आहेत. काठावर उभं राहून ती कुणाला नावं ठेवत नाहीत. कोर्टात दिवसभर उलटतपासणी ऐकणाऱ्या वकिलाने ही माया कुठून आणली असेल, याचं उत्तर त्यांच्या नाटकांत आहे. ज्याने प्रेमाचे एवढे गोंधळ जीव लावून रचले, त्याला माणसांच्या गोंधळावर रागावता येणं अवघडच.

त्यांना गुरू मानणाऱ्या राम गणेश गडकऱ्यांनी तर ही विभागणी दोन नावांनी केली. गोविंदाग्रज म्हणून प्रेमाच्या कविता आणि बाळकराम म्हणून कवींचीच थट्टा. एकाच दौतीत दोन लेखण्या. पुढे 'झेंडूची फुले'मध्ये केशवकुमारांनी, म्हणजे अत्र्यांनी, रविकिरण मंडळाच्या प्रेमकवींची विडंबनं केली, ती वृत्तं इतकी चोख सांभाळून, की मूळ कवितांवरचा त्यांचा अभ्यास ओळीओळीत दिसतो.

जगभर हेच घडलं आहे. सर्व्हांतेसच्या 'डॉन किहोते'त, १६०५ साली, नायकाची पुस्तकं जाळायला बसलेले पाद्री आणि न्हावी एकेक पुस्तक हातात घेतात आणि 'आमादिस'च्या कथेपाशी थबकतात. या प्रकारातलं हे सर्वांत चांगलं म्हणून ते आगीतून वाचवलं जातं. जाळायला बसलेल्यांनी ती सगळी पुस्तकं वाचलेली आहेत, ही त्यातली मौज. जेन ऑस्टेनच्या 'नॉर्दँगर ॲबी'तली कॅथरिन भयरम्य कादंबऱ्या वाचून प्रत्येक जुन्या पेटीत गुपित शोधते. लेखिका तिला हसते, पण पुस्तकाचा हात धरून आलेली तिची उत्सुकता कुठेही चिरडत नाही, आणि कादंबरी वाचणाऱ्या मुलींची बाजू तर भर कथेत थांबून घेते.

आपल्याकडे पडद्यावरच्या या थट्टेला २०१४ च्या ऑगस्टमध्ये घर मिळालं. झी मराठीवर 'चला हवा येऊ द्या' सुरू झालं. निलेश साबळे यांच्या थुकरटवाडीत मराठी चित्रपटाची मंडळी स्वतः येऊन बसत आणि त्यांच्यासमोरच त्यांच्या चित्रपटाची टर उडवली जाई. ज्याची थट्टा, तोच पहिल्या रांगेत हसून डोळे पुसतो आहे, हा देखावा महाराष्ट्राने दर आठवड्याला पाहिला. या मंडळींत भाऊ कदम होते. त्याच वर्षाच्या जानेवारीत दगडूच्या वडिलांचं काम त्यांनी मनापासून केलं होतं, आणि काही महिन्यांत ते अशाच प्रेमकथांच्या नकला करत होते. एकाच माणसाने दोन्ही कामं केली आणि दोन्हींत तो खरा वाटला. आणि तिथेच होते अमरावतीचे भारत गणेशपुरे. त्यांच्या तोंडची वऱ्हाडी घराघरात गेली, तेव्हा या बोलीला प्रथमच असं स्थान मिळालं, जिथून ती दुसऱ्यांना हसू शकत होती. त्याआधी बहुतेक वेळा वऱ्हाडी बोलणाऱ्याला हसलं जायचं. हा फरक लहान नाही. नोकरी-शिक्षणासाठी पुण्याला गेलेल्या कितीतरी मुलांनी 'मले-तुले' गिळून टाकायला शिकून घेतलं होतं. त्यांना पुन्हा मोकळेपणाने बोलता आलं, यात या विनोदाचा वाटा आहे.

आता थोडं कडू बोलणं भाग आहे. दगडूने प्राजक्ताचा पाठलाग केला, खोडी म्हणून सुरुवात केली, हे गोड गाण्यांत विरघळून जातं. पडद्यावरचं विरघळतं, कॉलेजच्या रस्त्यावर मात्र मुलीला वाट बदलावी लागते. थट्टा आणि छेडछाड हे शब्द वऱ्हाडात सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, आणि ते धोक्याचं आहे. रुक्मिणीच्या हातून पंखा पडला त्या क्षणी श्रीकृष्णाची थट्टा संपली. पंखा पडलेला दिसत असूनही जो बोलत राहतो, तो थट्टा करत नाही. म्हणूनच मुलींनी केलेली दगडूची थट्टा विशेष मोलाची आहे. "रोज मांगं मांगं येते, एकडाव समोर येऊन नाव त सांग ना बापा," असं एखादी मुलगी दगडूची नक्कल करणाऱ्याला ऐकवते, तेव्हा चित्रपटात प्राजक्ताला न मिळालेला संवाद तिने तिला मिळवून दिलेला असतो.

दुसरी बाजू दाराशी उभी आहे. लेले दगडूला ज्या शब्दांत दारावरून हाकलतात, त्यात बापाची काळजी थोडी आणि पायरीचा अहंकार पुष्कळ आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये नागराज मंजुळे यांचा 'सैराट' आला आणि पायरी चढणाऱ्या प्रेमाचं पुढे काय होतं, ते त्याने शेवटच्या काही मिनिटांत, आवाज काढून घेऊन दाखवलं. ज्या थिएटरात पोरं गाण्यांवर नाचत होती, तिथेच ती खुर्चीत थिजून बसली. 'टाइमपास' तेवढ्या खोल पाण्यात उतरत नाही. ती त्याची कमतरता आहे, आणि ती लपवायचं कारण नाही. पण दहावी नापास, पेपर टाकणाऱ्या पोराला नायक करून, त्याच्या लाजेला आणि रागाला मुख्य जागा देऊन त्याने लाखो मुलांच्या मनातली एक गाठ सैल केली. बोर्डाचा निकाल लागला की दरवर्षी असे दगडू गावोगावी तोंड लपवून बसलेले असतात. त्यांना पडद्यावर आपल्यासारखा, दात काढून हसणारा एक जण दिसला.

युवा महोत्सव जवळ आला, की अमरावती आणि अकोल्याच्या कॉलेजांत प्रहसनांच्या तालमी लागतात. रिकाम्या वर्गात बाकं भिंतीला सरकवलेली असतात. एकीने कोळशाने मिशी काढून लेल्यांचं काम घेतलेलं असतं, टकलासाठी डोक्यावर पोहण्याची टोपी. दगडूला पेपरचा गठ्ठा म्हणून जुन्या प्रश्नपत्रिका मिळतात. बालभारती होण्यासाठी नेहमीच चढाओढ असते. संवाद वऱ्हाडीत उतरवलेले, वाक्यावाक्याला खसखस. मग दाराशी हाकलण्याचा प्रसंग येतो. मिशीवाली लेले आवाज चढवते. दगडू झालेला पोरगा पुढचं विनोदी वाक्य विसरतो आणि प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा छातीशी धरून नुसता उभा राहतो. तालीम घेणारा म्हणतो, "असंच राहू दे. इथं काही बोलू नोको." कोपऱ्यात हसायला बसलेल्या दोघी-तिघी गप्प होतात. मग मिशीवाली टोपी काढून घाम पुसते आणि म्हणते, "पुन्हा पहिल्यापासून घेऊ. उद्या लवकर येजो सगळे."